माझगावच्या मोठ्या बाई

मॅट्रिकला सगळ्यांत पहिली आलेली मुलगी पुढे काय करते? १९०५ सालच्या एका टॉपरनं आपलं उभं आयुष्य एका छोट्या समाजाच्या शाळेला दिलं. जग दोनदा युद्धात होरपळत असताना तिनं हे काम केलं. आज ओळख करून घेऊ या रेबेका रूबेन यांची.

माहुलहून बस पकडून तुम्ही चेंबूर नाहीतर कुर्ला गाठता आणि तिथून सीएसएमटीची लोकल. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मशीद. कानात हेडफोन असले तरी ही यादी पाठच असते. पण यातलं शेवटचं नाव कुठून आलं, याचा कधी विचार केलाय? स्टेशनजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर ज्यू लोकांचं एक जुनं प्रार्थनास्थळ आहे, १७९६ सालचं. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. इथले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं मानलं जातं.

ते बांधणारे सॅम्युएल दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत ते कैद झाले आणि जिवंत परत आले, म्हणून त्यांनी हे सिनेगॉग बांधलं, अशी हकीकत समाजात सांगितली जाते.

आता मशीदच्या दोन स्टेशनं अलीकडे, डॉकयार्ड रोडला उतरा. भाऊच्या धक्क्यावरून अलिबागला जाताना उतरला असालच. हे माझगाव. इथे सर एली कदूरी नावाची शाळा आहे. तिची सुरुवात १८७५ सालची. आपल्याकडे मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणतात. रेबेका रूबेन या शाळेच्या मोठ्या बाई होत्या. एकदोन नाही, तब्बल २८ वर्षं.

मुलींमध्ये नाही, सगळ्यांत पहिली

रेबेकाचा जन्म १८८९ चा. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते, महर्षी कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला १८९६ साली, तेव्हा ती सात वर्षांची होती. मुलगी शाळेत जाते, हीच त्या वेळी चर्चेची गोष्ट असायची. लग्न ठरलं की पाटी-दप्तर बंद.

अशा काळात, १९०५ साली, ही मुलगी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिली आली. मुलग्यांनाही मागे टाकून. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा विद्यापीठ घ्यायचं आणि मुंबई विद्यापीठाचा पसारा कराची-सिंधपासून धारवाड-कारवारपर्यंत होता. म्हणजे आजचा अर्धा पाकिस्तान नाही म्हणता येणार, पण त्याचा एक मोठा तुकडा, गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा काही भाग, एवढ्या सगळ्या मुलांत ती टॉपर. वय अवघं पंधरा-सोळा.

पुढे तिनं पदवी घेतली. मग शिक्षणशास्त्र शिकायला इंग्लंडला गेली. बोटीनं जायचे ते दिवस. पोचायलाच काही आठवडे लागायचे.

तिच्याच समाजातली, तिच्याहून जेमतेम वर्षभरानं लहान असलेली जेरुशा झिराडही अशीच लंडनला गेली. ती डॉक्टर झाली. १९१९ मध्ये प्रसूतीशास्त्रातली एमडी ही लंडनची पदवी तिनं मिळवली आणि १९२८ पासून मुंबईच्या कामा हॉस्पिटलची सूत्रं सांभाळली. मूठभर माणसांच्या समाजातून एकाच पिढीत अशा दोन मुली निघाल्या. हे आपोआप झालं नव्हतं. त्यामागे पन्नास वर्षांची एक खटपट होती. ती समजली नाही तर रेबेकानं पुढे जे केलं ते का केलं, हे कळणार नाही. म्हणून जरा मागे जाऊ.

तेल्याचा घाणा आणि शनिवारची सुट्टी

बेने इस्रायलींची मूळकथा अशी: फार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांचे वंशज कोकणातल्या गावोगाव पसरले. ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली. किहीमचे किहीमकर, राजपुरीचे राजपुरकर, पेणचे पेणकर. बायका लुगडं नेसायच्या, घरात मराठीच. सणांची नावंही मराठी झाली: नव्याचा सण, खिरीचा सण.

मधल्या शेकडो वर्षांत पुस्तकं गेली, भाषा गेली. हिब्रूतली शमा ही एक प्रार्थना तेवढी तोंडी टिकून राहिली. शनिवार पाळायचा, मुलग्याची सुंता करायची, ठरावीक मासे खायचे नाहीत, एवढं आजीकडून नातवाकडे येत राहिलं. का, ते सांगणारं पुस्तक मात्र कुणाकडे नव्हतं आणि असतं तरी वाचणारं कुणी नव्हतं.

मग एकोणिसाव्या शतकात मुंबईत मिशनरी आले. अमेरिकन मिशनच्या शाळा निघाल्या. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, त्या जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, १८३२ साली. गंमत बघा. आपल्या धर्मग्रंथाची भाषा या ज्यू मुलांना शिकवत होते ख्रिस्ती पाद्री. शिकवण्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता. पण मुलं अक्षर ओळखू लागली, मराठीतलं बायबल वाचू लागली आणि आजी सांगायची त्या गोष्टी कुठल्या, ते त्यांना कळू लागलं.

इथे पेच होता. मुलांना मिशनच्या शाळेत घालावं तर ती हातची जातील ही भीती. न घालावं तर अडाणी राहतील. यातून मार्ग काढायचा तर आपली शाळा हवी. हाईम सॅम्युएल किहीमकर नावाचा २३ वर्षांचा तरुण, म्हणजे तुमच्यापेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठा, १८५३ साली भाऊ आणि मित्रांना घेऊन शिक्षणासाठीची एक संस्था काढून बसला. पण स्वतःची नीट उभी राहिलेली शाळा व्हायला १८७५ साल उजाडलं. बावीस वर्षं! इस्रायलाइट स्कूल हे तिचं नाव. मराठी, इंग्रजी, गणित, आणि त्याच्या जोडीला हिब्रू. जी भाषा समाज विसरला होता, ती वर्गातल्या फळ्यावर परत आली.

किहीमकरांनी समाजाचा इतिहासही लिहून काढला, १८९७ साली. तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अविवला. तोवर ते हयात नव्हते.

युद्धाच्या वर्षात वार्षिक

आता परत रेबेकाकडे. १९१७ साल. पहिलं महायुद्ध चालू. कागद महाग, बोटी बुडताहेत, इंग्लंडची टपाल वेळेवर येईल याचा भरवसा नाही. अशा वेळी २८ वर्षांची ही बाई समाजाचं इंग्रजी वार्षिक काढायला घेते. बेने इस्रायल ॲन्युअल अँड इयर बुक. समाजाचा हिशेब एका पुस्तकात मांडण्याचा हा उद्योग तिनं पुढची काही वर्षं चालवला.

आज तुम्हाला एखादं पेज सुरू करायला दहा मिनिटं पुरतात. तेव्हा प्रत्येक माहिती पत्र लिहून मागवायची, खिळे जुळवून छापून घ्यायची, आणि मग पैसे मागत फिरायचं.

आणि वेळ नाजूक होती. त्याच सुमारास समाजात दोन वेगवेगळ्या संघटना उभ्या राहिल्या. देशात होमरूलची हवा होती. आपण मुसलमान आणि इतरांसारखे वेगळे हक्क मागावेत, की सगळ्या हिंदी लोकांबरोबर चालावं, यावर घराघरांत वाद होते. याच समाजातले बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर वर्षभर आधी, १९१६ मध्ये, जिनांबरोबर लोकमान्य टिळकांच्या खटल्यात उभे राहिले होते. आपण कोण, हा प्रश्न तेव्हा प्रत्येकाला पडलेला. रेबेकाबाई सभेत भांडायला गेल्या नाहीत. त्यांनी आधी आपली नोंद नीट ठेवायला घेतली. ज्याला आपलीच माहिती नाही, त्यानं वाद तरी कशाच्या जोरावर घालायचा?

तेहतिसाव्या वर्षी मोठ्या बाई

१९२२ साली त्या इस्रायलाइट स्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. वय ३३.

तुम्ही त्यांच्या जागी आहात असं समजा. मॅट्रिकला पहिल्या, इंग्लंडहून शिकून आलेल्या. सरकारी शिक्षण खातं आहे, मोठी कॉलेजं आहेत, संस्थानिकांच्या शाळा आहेत. आणि इथे एक छोटी शाळा, जिच्यात बहुतेक मुलं कारकून, सुतार, मिस्त्री, रेल्वे आणि गोदीतल्या नोकरदारांची. पैशाची कायमची चणचण. नातेवाईकांनी तुम्हाला काय सल्ला दिला असता, ते मी सांगायला नको.

हे पॅकेज न बघता घेतलेलं काम होतं. पण त्याला त्याग वगैरे म्हणू नका. त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसत असणार. आपण पहिल्या आलो, पण एका हुशार मुलीनं समाज पुढे जात नाही. सुताराच्या मुलाला उत्तम इंग्रजी यावं, उत्तम मराठी यावं, आणि शुक्रवारी संध्याकाळी आपल्या घरात दिवा का लावतात, तेही समजावं. यातलं एकही सोडायचं नाही. यासाठी चांगली शाळाच लागते.

१९३० च्या दशकात शाळेला मोठा आधार मिळाला. सर एली कदूरी हे मूळचे बगदादचे, हाँगकाँग आणि शांघायमध्ये व्यापार करून श्रीमंत झालेले. बगदादपासून शांघायपर्यंत त्यांनी शाळांना पैसा दिला. माझगावच्या या शाळेलाही दिला आणि तिला त्यांचं नाव मिळालं.

याच दशकात, १९३७ मध्ये, डॉ. एलिजा मोझेस राजपुरकर मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मी-वरळीचा ई. मोझेस रोड आठवला ना? तोच. शनिवार तेल्यांचा समाज शहराच्या पहिल्या खुर्चीपर्यंत आला होता.

त्याच वर्षी, समुद्रापलीकडे

आणि मग दुसरं महायुद्ध. युरोपात काय चाललं होतं, ते तुम्ही सिनेमांत पाहिलं आहे. तिथून सुटून काही ज्यू निर्वासित मुंबईतही पोचले होते. आकाशवाणीची ती ओळखीची सुरावट वॉल्टर कौफमन यांची. तेही असेच प्रागहून १९३४ मध्ये मुंबईत आलेले.

पण मला तुम्हाला उत्तर आफ्रिकेत न्यायचं आहे, कारण तिथली गोष्ट थेट शाळेची आहे. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि जर्मनीच्या तालावर नाचणारं विशी सरकार आलं. ऑक्टोबर १९४० मध्ये त्यानं अल्जीरियातल्या ज्यूंचं सत्तर वर्षांचं नागरिकत्व एका फटक्यात काढून घेतलं. ज्यू शिक्षकांना नोकरीवरून काढलं. मग ज्यू मुलांना सरकारी शाळांतून हाकलायला सुरुवात झाली. त्यातला एक बारा वर्षांचा मुलगा पुढे जगप्रसिद्ध तत्त्वज्ञ झाला. जाक देरिदा. साहित्याच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या सिलॅबसमधला तोच.

हाकललेल्या शिक्षकांनी काय केलं? हाकललेल्या मुलांना गोळा केलं आणि शाळा काढल्या. अल्जियर्समध्ये, ओरानमध्ये. ओरानमध्ये या मुलांना शिकवणाऱ्यांत एक तरुण लेखक होता, स्वतः ज्यू नसलेला. अल्बेर कामू. शेजारच्या ट्युनिशियात तर नोव्हेंबर १९४२ पासून मे १९४३ पर्यंत खुद्द जर्मन फौजा होत्या. त्यांना तिथून हटवणाऱ्या सैन्यात आपली ४ थी भारतीय डिव्हिजन लढत होती. १९४३ मध्ये अल्जीरियातली मुलं हळूहळू आपल्या जुन्या शाळांत परतली.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. अल्जियर्समध्ये ज्यू मुलांची वेगळी शाळा निघाली, कारण बाकीची सगळी दारं बंद केली होती. माझगावातही ज्यू मुलांची शाळा होती, पण इथलं एकही दार बंद नव्हतं. इथला मुलगा म्युनिसिपालिटीच्या शाळेत जाऊ शकत होता, मिशनच्या शाळेत जाऊ शकत होता, कॉलेजात तुमच्यासारखाच सगळ्यांबरोबर बसत होता. तरीही त्याच्या आईबापांना वाटलं तर त्याच्यासाठी हिब्रू शिकवणारी शाळा होती. शाळेचा फळा तोच, अक्षरंही तीच. एकीकडे ती सक्तीनं आली होती, दुसरीकडे आवडीनं. रेबेकाबाईंची शाळा त्या वर्षांत नुसती उघडी राहिली, एवढीच बातमी फार मोठी होती. १९४२ च्या जगाच्या नकाशावर असं म्हणता येईल अशा जागा भराभर कमी होत होत्या.

युद्धाची झळ मात्र लागलीच. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी सैन्य शांघायच्या वसाहतीत घुसलं. शाळेला नाव देणारे एली कदूरी जपान्यांच्या स्थानबद्धतेतच फेब्रुवारी १९४४ मध्ये वारले.

दोन महिन्यांनी, १४ एप्रिल १९४४ ला, युद्ध माझगावच्या दारात आलं. शुक्रवारची दुपार. ज्यूंच्या पेसाह सणाचा सातवा दिवस. चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापसानं भरलेली फोर्ट स्टिकिन ही बोट फुटली. जळता कापूस आणि लोखंडाचे तुकडे मांडवी-मशीदच्या वस्तीवर पडले. शेकडो माणसं गेली, सुमारे ८० हजार बेघर झाली. ज्या गल्ल्यांमध्ये बेने इस्रायलींची जुनी घरं आणि सिनेगॉग होतं, त्या या आगीच्या अगदी जवळ.

घर हललं की मुलाची शाळा तुटते, हे माहुलमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. बस बदलते, खर्च वाढतो, वर्ष बुडतं. शाळा टिकवणं म्हणजे अशा वेळी रोज सकाळी घंटा वाजेल याची खात्री देणं. रेबेकाबाई हे काम १९५० पर्यंत करत राहिल्या.

मग सगळे निघून गेले

इथे गोष्ट संपली असती तर छान वाटलं असतं. पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं.

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, १९४८ मध्ये इस्रायल देश झाला. तेव्हा बेने इस्रायली सुमारे २० हजार होते. ज्या मुलांना शाळेनं हिब्रू शिकवलं, ती मुलं आणि त्यांची कुटुंबं बोटीत बसून इस्रायलला जाऊ लागली. १९५७ मध्ये रेबेकाबाई वारल्या, तेव्हा ही ओढ लागलेली होती. आज भारतात ज्यू लोक उरलेत काही हजार. कदूरी शाळेच्या वर्गांत आता बहुतेक मुलं इतर धर्मांची असतात.

म्हणजे सगळं वाया गेलं का? हा प्रश्न मलाही पडला. मग दोन गोष्टी आठवल्या.

पहिली अशी. इस्रायलमध्ये गेल्यावर या लोकांना तिथल्या काही धर्मगुरूंनी विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? त्यांच्या लग्नांवर शंका घेतली गेली. लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरली, आणि १९६४ मध्ये सरकारला त्यांना बरोबरीचे ज्यू म्हणून मान्य करावं लागलं. आपण कोण, याचं उत्तर या माणसांजवळ होतं. किहीमकरांनी ते लिहून ठेवलं होतं, रेबेकाबाईंनी वार्षिकात नोंदवलं होतं, आणि वर्गात बसून कित्येकजण ते शिकले होते.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. इस्रायलमध्ये हे लोक महाराष्ट्र दिन साजरा करतात, मायबोली नावाचं मराठी नियतकालिक चालवतात. मुंबईत असताना हिब्रू विसरू नये म्हणून धडपडले, आणि इस्रायलमध्ये मराठी विसरू नये म्हणून धडपडताहेत. एक भाषा शिकताना दुसरी सोडायची नसते, हे कुठेतरी शाळेतच अंगात मुरलं असणार.

माझगावचे ते वर्ग रिकामेही पडलेले नाहीत. एका छोट्या समाजानं बावीस वर्षं खटपट करून काढलेली शाळा आज दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते. त्यातल्या कित्येक घरांतली ही शिकणारी पहिली-दुसरी पिढी असेल, जशी कधीकाळी किहीमच्या तेल्याच्या घरातली होती.

पुढच्या वेळी लोकल डॉकयार्ड रोडला थांबेल तेव्हा जरा बाहेर बघा. दप्तर पाठीला लावून धावणारी पोरं दिसली, तर त्या टॉपर मुलीची एकदा आठवण काढा. आणि तुमच्या घरात आजीला येणारी, पण तुम्हाला न येणारी एखादी बोली, एखादं गाणं, एखादी लिपी असेल, तर या सुट्टीत तिच्याजवळ बसून तेवढं शिकून घ्या. वही-पेन घेऊन बसा म्हणजे झालं.